वैवाहिक समायोजन केवळ स्वभावावर ठरत नाही

कुंभकोणम : येथील सारंगपाणी सन्निधी मार्गावरील गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे घर आज स्मारक म्हणून जतन करण्यात आले आहे. त्यांच्या संसाराची कथा वैवाहिक समायोजनाच्या अभ्यासकांनाही विचार करायला लावणारी आहे. तत्कालीन रूढीनुसार १९०९ मध्ये त्यांचा विवाह झाला, तेव्हा ते २१ वर्षांचे आणि पत्नी जानकी १० वर्षांच्या होत्या. मार्च १९१४ मध्ये रामानुजन इंग्लंडला गेले. पती-पत्नींची पत्रे सासूबाई परस्पर अडवीत, असे चरित्रकारांनी नोंदविले आहे. मार्च १९१९ मध्ये ते मुंबईत उतरले, तेव्हा जानकी तेथे नव्हत्या.

जवळच्या माणसाचे असे मौन प्रत्येकाला सारखेच जाणवत नाही. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी बालक व पालक यांच्यातील भावनिक अनुबंधाचा सिद्धांत मांडला. सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर यांनी १९८७ मध्ये तो प्रौढांच्या प्रेमसंबंधांना लावला. सुरक्षित अनुबंध असलेली व्यक्ती मौनाचे कारण विचारते. चिंतायुक्त अनुबंध असलेल्या व्यक्तीला आपण दुरावलो जात असल्याची भीती वाटते, तर टाळण्याकडे कल असलेली व्यक्ती आपली गरज लपवून अलिप्त होते.

भावनिक स्वभावाचा परिणाम यात मिसळतो. लवकर अस्वस्थ होणाऱ्या किंवा रागावणाऱ्या व्यक्तींमध्ये वैवाहिक असमाधान अधिक आढळते, असे अनेक अभ्यासांतून दिसून आले आहे. मात्र हा संबंध म्हणजे विधिलिखित नव्हे.

ग्रॅहम स्पॅनियर यांनी १९७६ मध्ये तयार केलेल्या ३२ प्रश्नांच्या मापनश्रेणीत मतैक्य, समाधान, एकोपा आणि स्नेहाची अभिव्यक्ती असे चार घटक आहेत. अर्थात, समायोजन हा दोघांमधील नात्याचा गुण आहे. आपल्याकडे ‘जुळवून घे’ हा उपदेश बहुधा सुनेलाच केला जातो. शास्त्रीय अर्थाने ते समायोजन नव्हे, एकाच बाजूची सहनशीलता होय.

रामानुजन आणि जानकी यांची अनुबंध शैली आज ठरविता येणार नाही. परंतु मायदेशी परतल्यानंतर दोघे पुन्हा एकत्र आले आणि २६ एप्रिल १९२० रोजी रामानुजन यांचे निधन होईपर्यंत जानकी यांनी त्यांची शुश्रूषा केली. जोडीदाराच्या स्वभावाला दोष देण्यापूर्वी आपले शब्द त्याच्यापर्यंत पोहोचतात का, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.