माणसाचा लांडगा होतो का?

भिंगारच्या माणसाला सैनिक नवा नाही. गाव छावणीला लागूनच आहे. चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रातले जवान बाजारपेठेत रोज भेटतात, आणि रणगाड्यांचे संग्रहालय पाहायला जिल्ह्याजिल्ह्यांतून शाळांच्या सहली येतात. लांडगाही या मुलखाला नवा नाही. कर्जत, श्रीगोंदा, पारनेरच्या माळावर मेंढरे चारणाऱ्या धनगराला विचारा. लांडगा कसा दबा धरतो, कोणत्या बाजूने कळपात शिरतो, हे तो तुम्हाला बसल्या जागी सांगेल. पण सैनिक आणि लांडगा समोरासमोर उभे राहिले तर? त्यातही, लांडगा म्हणजे खरा लांडगा नसून पौर्णिमेला रूप पालटणारा माणूस असला तर?

अशा गोष्टीवर २००२ साली एक इंग्रजी चित्रपट निघाला. नाव ‘डॉग सोल्जर्स’, दिग्दर्शक नील मार्शल. कथा थोडक्यात अशी. ब्रिटिश लष्कराचे सहा जवान सरावासाठी स्कॉटलंडच्या डोंगराळ रानात उतरतात. तिथे त्यांना दुसऱ्या एका तुकडीचा उद्ध्वस्त तळ सापडतो; जखमी अधिकारी तेवढा एक जिवंत. अंधार पडतो आणि झाडीतून माणसाहून उंच, दोन पायांवर चालणारे लांडगे तुटून पडतात. रानातल्या एका एकाकी घरात जवान आसरा घेतात, दारे-खिडक्या फळ्या ठोकून बंद करतात आणि उजाडण्याची वाट पाहतात. गोळ्या मोजक्या, संदेशयंत्र बंद. पुढे कळते ते असे, की ज्या घरात आपण लपलो ते घर त्या लांडग्यांचेच! आणि ज्याला त्यांनी जखमी केले तो आपला माणूस हळूहळू त्यांच्यातलाच एक होऊ लागला आहे.

आता, पाहणाऱ्याचा जीव एवढा टांगणीला का लागतो? नगरचा भुईकोट किल्ला भिंगारच्या शेजारीच आहे, त्याचीच आठवण काढा. १५९५ च्या अखेरीस मोगलांनी या किल्ल्याला वेढा घातला. पुढल्या साली सुरुंगाने तटाला खिंडार पाडले, आणि चांदबिबीने ते रातोरात बुजवून घेतले. वेढ्याच्या गोष्टीत हेच तर असते. भिंत किती टिकेल, दारूगोळा किती पुरेल, आणि आतला माणूस फितूर तर होणार नाही ना? बाहेरच्या शत्रूला तट अडवतो. आतून जो पालटतो, त्याला अडवायला तट नाही. चित्रपटाने फितुरीच्या जागी चावा घातला, एवढेच.

आपल्याकडे खवीस आहे, हडळ आहे, मुंजा आहे, वाट चुकवणारा चकवा आहे. आपली भीती अमावास्येची. पौर्णिमेला आपण कोजागरीचे दूध पितो. युरोपात मात्र लांडगा-माणसाची समजूत फार जुनी. तिकडे दाट अरण्ये, हिवाळा कडक, आणि लांडग्यांचे कळप गोठ्यापर्यंत येणारे. ही समजूत नुसती गोष्टींत राहिली नाही. १५८९ साली जर्मनीत पीटर स्टुम्प नावाच्या शेतकऱ्याने लांडग्याचे रूप घेऊन माणसे मारल्याचा कबुलीजबाब दिला, आणि त्याला हालहाल करून देहदंड दिला गेला. छळाच्या धाकाने वदवलेला कबुलीजबाब तो. त्याची किंमत तुम्हीच ठरवा. पौर्णिमेला रूप पालटणे, चांदीच्या घावानेच मरणे हे नियम लोकांच्या डोक्यात घट्ट बसले ते मुख्यतः सिनेमामुळे, १९४१ च्या ‘द वुल्फ मॅन’ या अमेरिकन चित्रपटापासून.

मग या समजुतीत खरे काहीच नाही का? एक गोष्ट मात्र खरी आहे, आणि ती आपल्या दाराशी आहे. चाव्यातून एका जिवाचे विष दुसऱ्यात जाते, आणि माणसाचा जणू माणूस राहत नाही, असा एक रोग आहे. त्याचे नाव रेबीज, म्हणजे जलसंत्रास. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत या रोगाचे विषाणू असतात. ते जखमेतून शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे चालू लागतात. ही वाटचाल बहुधा एक ते तीन महिने चालते. तोवर माणूस धडधाकट दिसतो. मग ताप येतो, घसा आवळतो, पाणी समोर आणले तरी झटके येतात, माणूस बेभान होतो. लांडगा-माणसाच्या गोष्टींमागे हा रोग असावा, असे काही अभ्यासक मानतात. एकदा लक्षणे दिसली की मग सुटका जवळजवळ नाहीच. पण चावा आणि लक्षणे यांच्या मधले जे दिवस आहेत, तेच आपले आहेत.

हे दिवस कामी लावण्याचा मार्ग फ्रान्सच्या लुई पाश्चरने दाखवला. १८८५ साली पिसाळलेला कुत्रा चावलेल्या जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलाला त्याने लस टोचली, आणि मुलगा वाचला. पुढच्याच साली रशियातल्या स्मोलेन्स्क भागातून पिसाळलेल्या लांडग्याने फाडलेले १९ जण लांबचा प्रवास करून पॅरिसला त्याच्याकडे आले. उशीर झाला होता, जखमा भयंकर होत्या. तरी १६ जण जगले. चांदीच्या गोळीने जे केवळ पडद्यावर साधले, ते लसीने खरोखर साधले.

म्हणून नीट ऐका. कुत्रा, मांजर, कोल्हा, लांडगा, कोणीही चावो किंवा ओरबाडो, जखम ताबडतोब वाहत्या पाण्याखाली साबणाने चांगली १५ मिनिटे धुवा. चुना, तिखट, हळद, तेल काही लावू नका. उतारा, गंडा-दोरा यांत वेळ घालवू नका. थेट सरकारी दवाखाना गाठा. कातडी फुटून रक्त आले असेल तर डॉक्टर जखमेभोवती आणखी एक प्रतिविष देतात. लसीच्या तारखा एकही चुकवू नका. ‘पोटात चौदा सुया’ हे म्हाताऱ्यांनी घातलेले भय आता जुने झाले. हल्लीची लस दंडात देतात, आणि सुयाही थोड्याच.

आता खऱ्या लांडग्याविषयी. आपला लांडगा वीस किलोंच्या आसपासचा, लांब पायांचा, मातकट रंगाचा. तो दाट रानातला नव्हे, उघड्या माळाचा. काळविटांसाठी १९८० साली राखलेले कर्जत तालुक्यातले रेहेकुरी अभयारण्य हा त्याच्याच मुलखाचा भाग. त्याची वंशशाखा जगातल्या सर्वांत जुन्या शाखांपैकी आहे, आणि आता भारतात असे लांडगे सुमारे तीन हजारच उरले असावेत. माळ नांगरले गेले, काळवीट कमी झाले. मग तो मेंढरांवर येणारच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला मारणे गुन्हा आहे. शेळी-मेंढी नेली तर वनखात्याला लगेच कळवून पंचनामा करावा. भरपाईची तरतूद आहे.

निरोगी लांडगा माणसाला टाळतो. तरी तो सदाच निरुपद्रवी, असेही नव्हे. १९९६ साली उत्तर प्रदेशात प्रतापगड, जौनपूर, सुलतानपूर या जिल्ह्यांत आणि २०२४ साली बहराइच जिल्ह्यात लांडग्यांनी लहान मुले उचलून नेली. अशा वेळी मुलांना उघड्यावर झोपू देऊ नये, हा साधा इलाज. परंतु १९९६ साली आणखी एक अनर्थ झाला. हे काम जनावराचे नव्हे, लांडग्याचे रूप घेणाऱ्या माणसाचे, अशी अफवा उठली. गावोगाव लोक काठ्या घेऊन बसले, आणि अनोळखी वाटसरू, भिकारी जमावाच्या हाती सापडले. काहींचे प्राणही गेले. जर्मनीतल्या खटल्याला चार शतके उलटली होती, पण भीतीने आपली चाल बदलली नव्हती. माणूस लांडगा झाला तो असा; त्याला पौर्णिमा लागली नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, ‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट तुम्ही वर्गात सांगताच. तिला या वर्षी थोडी पुस्ती जोडा. मुलांना खरा लांडगा कसा दिसतो ते चित्र काढून दाखवा. चावा बसल्यावर काय करायचे, ते साबण आणि तांब्याभर पाणी घेऊन करून दाखवा, आणि प्रत्येक मुलाकडून घरी जाऊन ते आईवडिलांना सांगण्याचे वचन घ्या. भुताखेतांचा चित्रपट खुशाल पाहावा, दचकावे, हसावे आणि झोपी जावे. गावात अफवा उठली, तर मात्र चारजणांना थांबवून ‘कोणी पाहिले? कुठे? केव्हा?’ एवढे तीन प्रश्न विचारणारा एक तरी माणूस असावा. आणि तो आपल्या शाळेतून शिकून गेलेला असावा.