दंडघेराचा हिशेब आणि डबाबंद पायथन

सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर एक पट्टी गुंडाळायची आणि आकडा वाचायचा. कुपोषण ओळखण्याची ही सर्वांत साधी चाचणी. घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित, ११.५ पासून १२.५ च्या आत भरला तर मध्यम कुपोषित, आणि १२.५ किंवा त्याहून अधिक असेल तर या निकषापुरती काळजी नाही. पट्टीवर लाल, पिवळा आणि हिरवा असे रंग असतात, त्यामुळे भामरागड, एटापल्ली किंवा जिवतीच्या पाड्यावर मोजणारीला दशांश चिन्हाशी झगडावे लागत नाही. घोळ होऊ शकतो तो पुढे, हा आकडा संगणकात गेल्यावर.

समजा, तालुक्याच्या ठिकाणी कोणी दहा-बारा वर्षांपूर्वी पायथन या संगणकभाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला आहे. पट्टीवरचे माप मिलिमीटरमध्ये भरायचे, प्रोग्रॅम त्याला दहाने भागून सेंटिमीटर करतो आणि मुलाची वर्गवारी करतो. एका मुलीचा घेर ११९ मिलिमीटर आहे. म्हणजे ११.९ सेंटिमीटर, पिवळा रंग. पण पायथनच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की उत्तरही पूर्णांकच येते. उरलेला अपूर्णांक सरळ टाकून दिला जातो. ११९ भागिले १० म्हणजे ११. मुलगी लाल यादीत. तिसऱ्या आवृत्तीत त्याच ओळीचे उत्तर ११.९ येते आणि मुलगी पिवळ्या यादीत राहते.

दुसरे उदाहरण याहून फसवे आहे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने माप जवळच्या पूर्णांकात आणण्याची सोय वापरली असेल, तर १२.५ चे दुसऱ्या आवृत्तीत १३ होतात आणि तिसऱ्या आवृत्तीत १२. कारण तिसऱ्या आवृत्तीने बरोबर अर्ध्यावर असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे नेण्याचा नियम स्वीकारला. मोठ्या बेरजांमध्ये चूक एकाच बाजूला साचत जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे, पण ज्या आजाराची सीमारेषा नेमकी साडेबारावर आहे तिथे तो मुलाची यादी बदलतो. दाखल करण्याआधी वजन, उंची, पायांवरची सूज आणि भूक तपासली जाते, हे खरे. तरीही चुकीच्या लाल यादीमुळे एखादी आई रोजी बुडवून पोषण पुनर्वसन केंद्राची वाट धरते, आणि खऱ्या लाल यादीतल्या मुलाकडे पोहोचायला तेवढा उशीर होतो.

इथे एक गल्लत टाळायला हवी. पायथन ही भाषा आहे. ती वाचून संगणकाकडून काम करवून घेणारा दुभाषी वेगळा असतो. त्याला इंटरप्रिटर म्हणतात. गिदो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये पायथन जगापुढे ठेवली, तेव्हापासूनचा मूळ दुभाषी सी भाषेत लिहिलेला आहे, म्हणून त्याला सीपायथन म्हणतात. बहुतेकांच्या संगणकावर तोच असतो. पण त्याच भाषेचे इतर दुभाषीही आहेत आणि त्यांतला सर्वांत गाजलेला पायपाय. वरची दोन्ही उदाहरणे दुभाष्यामुळे नव्हे, तर भाषेच्या आवृत्तीमुळे घडतात. दुसऱ्या आवृत्तीचा पायपायही ११९ चे ११ च करतो. दुभाषी बदलला की उत्तर बदलता कामा नये, बदलावा तो वेग.

मग एखादा प्रोग्रॅम कुठेही नेला तरी त्याच आवृत्तीवर, त्याच दुभाष्याकडून चालेल याची हमी कशी मिळते? त्यासाठी कंटेनर. प्रोग्रॅम, त्याचा दुभाषी, लागणारी सगळी जोडसाधने आणि त्यांच्या नेमक्या आवृत्त्या एका डब्यात बंद करायच्या आणि डबाच दुसऱ्या संगणकावर ठेवायचा. अख्खा दुसरा संगणक आत उभा करावा लागत नाही. खालच्या लिनक्सचा गाभा सगळे डबे मिळून वापरतात, मात्र एका डब्याला दुसऱ्यातले दिसत नाही आणि कोणी किती स्मृती खायची यावर मर्यादा घालता येते. लिनक्समध्ये ही सोय आधीपासून होती. सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये सांता क्लारा इथल्या पायथनच्याच परिषदेत अवघ्या काही मिनिटांत डॉकर दाखवले आणि ती सामान्य प्रोग्रॅमरच्या हातात आली.

गडचिरोलीच्या दृष्टीने डॉकरचा एक गुण फारसा बोलला जात नाही. तयार डबा एका फाइलमध्ये उतरवून पेनड्राइव्हवर नेता येतो आणि इंटरनेट नसलेल्या संगणकावर चढवता येतो. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावर पाणी आले की भामरागडचा संपर्क तुटतो, हे दर वर्षीचे. एखादे जोडसाधन ऐन वेळी इंटरनेटवरून उतरवून घेण्यावर तेव्हा विसंबून राहता येत नाही, नागपूरहून संगणकाचा जाणकार बोलावणे तर दूरच. अडचणीही आहेत. कार्यालयातला संगणक विंडोजचा असेल तर डॉकरला आधी आत लिनक्सचा छोटा आभासी संगणक उभारावा लागतो, आणि चार जीबी रॅमच्या जुन्या यंत्राची त्यात दमछाक होते. इंटेलच्या चिपसाठी बांधलेला डबा रास्पबेरी पायसारख्या स्वस्त, वेगळ्या चिपच्या संगणकावर आहे तसा चालत नाही; त्यासाठी वेगळा बांधावा लागतो.

जंगलातल्या रुग्णालयासाठी असे काही करता येते का, याचे उत्तर शेजारच्या छत्तीसगडमध्ये मिळते. बिलासपूरजवळच्या गनियारी गावात जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयात बाह्मनी ही मुक्त संगणकप्रणाली पहिल्यांदा वापरात आली. रुग्णाची नोंद, प्रयोगशाळा, औषधे आणि बिले असे सगळे ती सांभाळते. मात्र ती एकसंध नाही. रुग्णनोंदीचा भाग जावामध्ये लिहिलेल्या ओपनएमआरएसवर उभा आहे, तर हिशेबाचा भाग पायथनमधल्या ओडूवर. प्रत्येकाच्या गरजा निराळ्या, आवृत्त्या निराळ्या. ओडू तर दहाव्या आवृत्तीपर्यंत पायथनच्या जुन्या दुसऱ्या आवृत्तीवरच चालत असे. आज बाह्मनी डॉकरच्या डब्यांतून दिली जाते, ते याच कटकटीमुळे सयुक्तिक वाटते.

आता पायपाय. आर्मिन रिगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये पायथनचा दुभाषी पायथनच्याच एका मर्यादित रूपात लिहायला घेतला. स्वतःची शेपटी गिळणारा साप हे त्याचे बोधचिन्ह म्हणूनच शोभते. सीपायथन हजार वेळा करायचे काम हजार वेळा वाचून करतो. पायपाय मात्र पाळत ठेवतो: एखादे आवर्तन सुमारे हजार वेळा फिरले की ते वारंवार लागणारे आहे असे धरून त्याचे थेट यंत्रभाषेत रूपांतर करतो आणि पुढच्या फेऱ्या त्यातून काढतो. प्रकल्पाच्या स्वतःच्या चाचण्यांत तो सरासरीने सीपायथनच्या तिप्पट वेगवान ठरतो. कामानुसार हा आकडा खूप खाली-वर होतो.

कुपोषणाच्या हिशेबात त्याला जागा आहे ती वजन-उंचीच्या गुणांकनाला. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये दिलेल्या मानकांनुसार मुलाच्या वजनाला त्या उंचीच्या मध्यकाने भागायचे, भागाकाराचा ठरावीक घात करायचा, त्यातून एक वजा करून दोन गुणकांच्या गुणाकाराने भागायचे. उत्तर उणे तीनच्या खाली गेले तर तीव्र कुपोषण. हा हिशेब साध्या पायथनमध्ये लिहिला असेल आणि जिल्ह्याच्या कित्येक वर्षांच्या मासिक नोंदी पुन्हा तपासायच्या असतील, तर पायपायचा फरक जुन्या संगणकावरही जाणवेल. एका अंगणवाडीच्या चाळीस मुलांसाठी त्याच्या वाटेला जाऊ नये. तापायला लागणाऱ्या वेळातच काम संपलेले असते. हाच हिशेब नमपाय किंवा पांडाजसारख्या जोडसाधनांनी लिहिला असेल तरी फायदा नाही. त्यांचा मूळ भार सी भाषेत आधीच वेगाने वाहिला जातो, आणि पायपायला त्या सीशी बोलताना मध्ये भाषांतराचा थर घालावा लागतो, त्यामुळे काम उलट मंदावू शकते. स्मृतीही बऱ्याचदा तो जास्त खातो.

पायपायचा आणखी एक उपयोग आहे आणि तो मोहात पाडणारा आहे. सीपायथनच्या दुसऱ्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. पायपायचा मर्यादित पायथन मात्र त्याच आवृत्तीवर बेतलेला असल्याने पायपायने ती जिवंत ठेवली आहे. तालुक्यातला तो जुना प्रोग्रॅम पायपायच्या डब्यात घातला तर एकही ओळ न बदलता चालू शकेल, कदाचित अधिक वेगानेही. पण ११९ चे ११ करणारी ओळही त्याच डब्यात जाईल आणि ती चूक प्रत्येक संगणकावर तितक्याच निष्ठेने होईल. शिवाय बंद डब्यातल्या इतर जुन्या साधनांना सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत, आणि आत मुलांची नावे, गावे आणि आजार आहेत.

म्हणून डबा पाठवण्याआधी त्यात सीमारेषेवरची मापे घालून पाहावीत: ११४, ११५, ११९, १२४, १२५ आणि १२९. पहिले लाल, पुढची तीन पिवळी, शेवटची दोन हिरवी यायला हवीत. दुसऱ्या आवृत्तीतला तो जुना प्रोग्रॅम या सहांपैकी चार मुलांना चुकीच्या यादीत टाकतो. ११४ आणि १२४ तेवढी बरोबर येतात, त्यामुळे कोणी नेमकी तीच दोन मापे तपासली असतील तर प्रोग्रॅम वर्षानुवर्षे निर्दोष वाटू शकतो.