‘फॉडर’ शब्दाचें कुळ

गुरांच्या वैरणीस इंग्रजींत ‘फॉडर’ असें म्हणतात. शाळेंतील मुलें कोशांत ‘चारा’ एवढा अर्थ पाहून पुस्तक मिटतात. परंतु माणसांप्रमाणें शब्दांसही कुळ असतें, आणि ह्या शब्दाचें कुळ तर आपल्या संस्कृताशीं नातें सांगतें. म्हणून त्याची थोडी ओळख वाचकांस करून द्यावी, असें आम्हांस वाटतें.

अन्नवाचक ‘फूड’ आणि पालनपोषणवाचक ‘फॉस्टर’ हे ‘फॉडर’चे सख्खे भाऊ होत. संस्कृत, ग्रीक व लॅटिन ह्या भाषांचें मूळ एक असावें, असें सर विल्यम जोन्स ह्यांनीं १७८६ मध्यें कलकत्त्यास प्रतिपादिलें. पुढें १८२२ मध्यें याकोब ग्रिम ह्या जर्मन पंडितानें जो वर्णनियम मांडला, त्यान्वयें मूळच्या ‘प’काराचा इंग्रजी-जर्मन शाखेंत ‘फ’कार होतो. पितृ आणि फादर, पाद आणि फूट हीं उदाहरणें प्रसिद्धच आहेत. त्याच न्यायानें ‘फॉडर’चें मूळ शोधीत गेल्यास रक्षणार्थक ‘पा’ धातूची गांठ पडते. नृप, भूप, गोप हे शब्द ह्याच धातूचे. पिणें ह्या अर्थाचा ‘पा’ धातु निराळा. त्याची येथें गल्लत करूं नये. लॅटिनमध्यें ह्याच कुळांत ‘पाबुलम’ म्हणजे चारा व ‘पास्टर’ म्हणजे मेंढपाळ हे शब्द झाले. जो चारतो तोच राखतो, हा ह्या सर्वांतील भाव.

परंतु कुळ थोर असलें तरी वंशज तसेच निघतात असें नाहीं. हाच शब्द फ्रेंच भाषेच्या वाटेनें फिरून इंग्रजींत ‘फॉरेज’ झाला. लष्करानें घोड्यांसाठीं मुलखांत हिंडून वैरण गोळा करावी, ती ही ‘फॉरेज’. आपल्याकडे अशा टोळीस ‘कही’ म्हणत. वैरण मागून मिळेना, तेव्हां ती ओरबाडून घेऊं लागले, आणि त्याच घराण्यांत ‘फॉरे’ म्हणजे छापा हा शब्द निपजला. वैरणीचें मोल आम्हां मराठ्यांस कोणी सांगावयास नको. १७६१ मध्यें पानिपतावर कोंडलेल्या छावणीची रसद तुटली आणि दाण्यावैरणीवांचून घोडीं मेलीं, हें आपण विसरलों नाहीं.

ह्याहूनही भयंकर म्हणजे ‘कॅनन-फॉडर’, तोफेची वैरण. ज्यांच्या प्राणांची वरिष्ठांस किंमत नसते, अशा शिपायांस हें नांव पडलें. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत लाखों तरुण ह्या वैरणींत गेले, आणि त्यांत हिंदी शिपाईही होते.

ज्या धातूचा अर्थ राखणें, त्याच्याच वंशांत माणसें तोफेपुढें टाकण्याचा शब्द जन्मास यावा, हा दोष भाषेचा नव्हे. भाषा केवळ माणसाच्या कृत्यांची नोंद ठेवते. घरांतील मुलें हा शब्द पाठ करूं लागलीं, कीं वडीलधाऱ्यांनीं त्यांस कोशांतील अर्थाबरोबर हेंही सांगावें.