मागे काय, पुढे काय? : काळ आणि भाषा यांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

काळ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून बहुतेक भाषा त्याच्यासाठी जागेचे शब्द वापरतात. मराठीत 'मागच्या वर्षी' पाऊस कमी झाला, 'पुढच्या वर्षी' तो बरा होईल, असे सहज बोलले जाते. बोलिव्हिया, पेरू आणि चिली या देशांत, टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या उंच पठारावर सुमारे 20 लाख लोकांच्या तोंडी असलेली आयमारा भाषा मात्र हीच दिशा उलटी धरते. तिच्याविषयी बरीच अद्भुत विधाने केली जातात. मराठीविषयी आणि शेतकऱ्याच्या कालगणनेविषयीही तितकेच गैरसमज आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील राहुरीचा परिसर हे तपासायला सोयीचा आहे. ऊस, ज्वारी आणि कालव्याचे आवर्तन यांच्या हिशेबात इथे पंचांग, इंग्रजी तारीख आणि बोलीतला काळ रोज एकत्र वापरले जातात.

गैरसमज 1 : भविष्य समोर आणि भूतकाळ पाठीमागे, ही माणसाची उपजत समजूत आहे, ती सगळीकडे सारखीच असते.

वस्तुस्थिती : ही रचना बऱ्याच भाषांत आढळते, पण ती सार्वत्रिक नाही. आयमारात 'नायरा' म्हणजे डोळा, नजर आणि समोरची बाजू. 'नायरा मारा' म्हणजे शब्दशः समोरचे वर्ष, आणि अर्थ होतो गेले वर्ष. 'खिपा' म्हणजे पाठीकडची बाजू. 'खिपा उरु' म्हणजे पुढे कधीतरी येणारा दिवस. राफाएल नुन्येझ आणि ईव्ह स्वीट्सर यांनी 2006 मध्ये याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी उत्तर चिलीतील सुमारे 30 आयमारा माणसांचे बोलणे आणि हातवारे चित्रित केले होते. म्हाताऱ्या माणसांचे हात जुन्या गोष्टी सांगताना पुढे जात. गोष्ट नुकतीच घडलेली असेल तर हात अंगाजवळ राही, फार पूर्वीची असेल तर तो लांब पसरे. येणाऱ्या काळाविषयी बोलताना हात खांद्यावरून पाठीकडे जाई. म्हणजे ही दिशा केवळ शब्दांत नव्हती, बोलणाऱ्याच्या अंगवळणी पडलेली होती.

गैरसमज 2 : भविष्य पाठीमागे मानणाऱ्यांना उद्याची फिकीर नसते.

वस्तुस्थिती : आयमारांची मांडणी जाणिवेवर बेतलेली आहे. घडून गेलेले माहीत असते, म्हणून ते नजरेसमोर. न घडलेले दिसत नाही, म्हणून ते पाठीशी. या भाषेच्या व्याकरणातही पाहिलेले आणि ऐकलेले यांत फरक करावा लागतो. बोलणाऱ्याला ती गोष्ट स्वतः कळली की दुसऱ्याकडून, हे क्रियापदावरून समजते. मराठीत हे काम 'म्हणे' करतो. 'धरणातून पाणी सुटलं' आणि 'धरणातून पाणी सुटलं म्हणे' या दोन वाक्यांची जबाबदारी सारखी नसते. मात्र मराठीत 'म्हणे' वापरणे ऐच्छिक आहे, आयमारात ती खूण टाळता येत नाही.

उद्याची तरतूद करण्यात ही माणसे कुठेच कमी पडत नाहीत. अँडीज पर्वतातले शेतकरी जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर गोठवतात, दिवसा पायांनी तुडवून त्यातले पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. या 'चुन्यो'चा साठा वर्षानुवर्षे टिकतो. दुष्काळाची आठवण आणि पुढची बेगमी या दोन्ही गोष्टी त्यात आल्या.

बोलिव्हियाच्या संसद भवनावर 2014 मध्ये उलट्या दिशेने फिरणारे घड्याळ लागले. त्याचा संबंध अनेकदा 'मागच्या भविष्या'शी जोडला जातो. सरकारने दिलेले कारण वेगळे होते : दक्षिण गोलार्धात सूर्यघड्याळाची सावली त्याच दिशेने फिरते.

गैरसमज 3 : 'मागाहून' म्हणजे नंतर आणि 'पूर्वी' म्हणजे आधी; म्हणजे मराठीही आयमारासारखीच आहे.

वस्तुस्थिती : साम्य दिसते, पण ते वरवरचे आहे. संस्कृतातून आलेल्या 'पूर्व' या शब्दाचे समोरचा, पूर्वेकडचा आणि आधीचा असे तिन्ही अर्थ आहेत, तर 'पश्चात्' म्हणजे मागे आणि नंतर. उगवतीकडे तोंड करून उभे राहिल्यावर समोर येते ती पूर्व दिशा. पूर्वज, पूर्वतयारी, पश्चात्ताप हे शब्द त्याच कुळातले. ऊसशेतीतला 'पूर्वहंगामी' हा शब्दही तसाच.

यात काळ दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून पाहिला जातो. 'मागच्या वर्षी' म्हणताना बोलणारा स्वतः 'आत्ता'मध्ये उभा असतो आणि गेलेले वर्ष त्याच्या पाठीशी असते. 'मागाहून' किंवा 'पूर्वी' म्हणताना दोन घटनांचा क्रम सांगितलेला असतो. दिंडीत पुढे चालणारा आधी पोचतो, मागे असलेला मागाहून. पाहणारा कुठे उभा आहे याने त्यात फरक पडत नाही. आयमारांचे वेगळेपण पहिल्या प्रकारात आहे : बोलणाऱ्याच्या स्वतःच्या अंगापासून मोजतानाही त्यांचे भविष्य पाठीकडे असते. मराठीचे तसे नाही.

म्हणूनच मराठी माणसाचा या शब्दांत घोटाळा होत नाही. कालव्याचे आवर्तन 'आठ दिवस पुढे गेले' म्हणजे लांबले, लग्नाची तारीख 'अलीकडे घेतली' म्हणजे आधी आणली, हे कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

गैरसमज 4 : 'परवा' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो, कारण मराठीत काळाचे भान ढिले आहे.

वस्तुस्थिती : हिंदीत 'कल' हा शब्द गेलेल्या आणि येणाऱ्या अशा दोन्ही दिवसांसाठी चालतो. मराठीने 'काल' आणि 'उद्या' वेगळे ठेवले आहेत. 'परवा' आणि 'तेरवा' मात्र दोन्ही बाजूंना वापरले जातात, कारण हे शब्द आजपासूनचे अंतर सांगतात. दिशा क्रियापद सांगते : 'परवा आला' आणि 'परवा येईल' यांत संदिग्धता उरत नाही. अंतर एका शब्दाने आणि दिशा दुसऱ्याने सांगणे ही काटकसर आहे.

गैरसमज 5 : क्रियापदाचा काळ म्हणजेच घटनेचा काळ.

वस्तुस्थिती : शाळेच्या व्याकरणातील तीन काळांच्या तक्त्यामुळे ही समजूत पक्की होते. रोजची मराठी तो तक्ता पाळत नाही. वाटेवरचा माणूस फोनवर 'आलोच' म्हणतो, तेव्हा तो अजून पोचलेला नसतो. 'पाऊस पडला की पेरू', 'पाणी सुटलं तर उसाला देऊ' या वाक्यांत रूप भूतकाळाचे आणि घटना भविष्यातली. 'उद्या राहुरीला जातो' यात रूप वर्तमानकाळाचे. इतिहास सांगताना 'राज्याभिषेक होतो', 'मोहीम निघते' अशी वर्तमानकाळाची रूपे सर्रास येतात. 'आला', 'पडला' ही रूपे मुळात क्रिया पूर्ण झाल्याची खूण आहेत. ती पूर्णता काल घडलेली असो वा उद्या गृहीत धरलेली, रूप तेच राहते.

गैरसमज 6 : पावसाची नक्षत्रे चंद्राची असतात, म्हणून सणांप्रमाणे त्यांच्याही तारखा मागेपुढे होतात.

वस्तुस्थिती : चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो. पावसाची नक्षत्रे सूर्याची आहेत. सूर्य 27 नक्षत्रे एका वर्षात ओलांडतो, म्हणून प्रत्येक नक्षत्राच्या वाट्याला 13 ते 14 दिवस येतात. त्यामुळे मृग दरवर्षी 7 किंवा 8 जूनच्या सुमारास लागतो आणि उत्तरा 13 सप्टेंबरच्या आसपास. ही तारीख सरकायला एका दिवसासाठी सुमारे सात दशके लागतात. गणेशोत्सव किंवा दिवाळी तिथीवर असल्याने इंग्रजी तारखेत हलते, मृग हलत नाही. शेतकऱ्याने पेरणीसाठी चांद्र तिथी सोडून सौर नक्षत्र धरले, कारण ऋतू सूर्यावर चालतात.

या नक्षत्रांना बोलीत माणसाच्या वयाचीही नावे आहेत : पुनर्वसूचा तो 'तरणा पाऊस', पुष्याचा 'म्हातारा पाऊस'. राहुरी पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येते, तिथे परतीच्या पावसाला मोल असते. रब्बी ज्वारीच्या पेरणीसाठी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबर हा काळ शिफारस केलेला आहे. जुन्या भाषेत सांगायचे तर उत्तरा आणि हस्त. एकच मुदत दोन कालगणनांतून सांगितलेली आहे.

पंचांगातील बेडूक, म्हैस, घोडा अशी 'वाहने' मात्र नक्षत्रांच्या मोजणीतून निघणाऱ्या बाकीवरून ठरतात. ढग, वारा किंवा समुद्राचे तापमान यांचा त्यात विचार नसतो, म्हणून वाहन हा हवामानाचा अंदाज ठरत नाही.

गैरसमज 7 : घड्याळ येण्यापूर्वी वेळ अंदाजपंचे सांगितली जाई.

वस्तुस्थिती : मोजमाप होते, एकके वेगळी होती. 60 पळांची एक घटका, म्हणजे 24 मिनिटे. 60 घटकांचा एक अहोरात्र. दिवसाचे चार आणि रात्रीचे चार प्रहर. घटका मोजण्यासाठी तळाला बारीक भोक पाडलेले तांब्याचे पात्र पाण्यावर सोडत. ते भरून बुडाले की एक घटका झाली. लग्नाचा मुहूर्त साधायला हे घटिकापात्र वापरले जाई.

रानातल्या कामाला इतकी बारीक मोजणी लागत नसे. तिथे 'दिवस कासराभर वर आला' एवढे पुरे. कासरा म्हणजे बैल हाकताना हातात धरायची दोरी. क्षितिजापासून सूर्य तेवढा वर दिसला की ती वेळ झाली. संध्याकाळी 'दिवस कासराभर राहिला' की औत सोडायची तयारी होई. झुंजुमुंजू, तांबडं फुटणं, दिवेलागण, तिन्हीसांजा ही सगळी उजेडावर बेतलेली वेळ आहे. राहुरीच्या अक्षांशावर जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा, तर डिसेंबरमध्ये सुमारे अकरा तासांचा असतो. कामाची वेळ सूर्यावर ठेवली की हा फरक आपोआप सांभाळला जातो.

गैरसमज 8 : पाश्चात्त्यांचा काळ सरळ रेषेत जातो, भारतीयांचा चक्रात फिरतो.

वस्तुस्थिती : दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. संवत्सरांची 60 नावे फिरून फिरून येतात, तर शालिवाहन शकाचा आकडा दरवर्षी एकाने वाढतो आणि मागे येत नाही. 2025 च्या गुढीपाडव्याला शके 1947 सुरू झाले आणि संवत्सराचे नाव विश्वावसू होते. ते नाव शके 2007 मध्ये पुन्हा येईल, 1947 हा आकडा येणार नाही. शिवराज्याभिषेकाची मिती ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके 1596, आनंद संवत्सर अशी दिली जाते. एकाच मितीत चक्रही आहे आणि रेषाही.

उसाचा हिशेबही तसाच. आडसाली लागण जुलै-ऑगस्टमध्ये, पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, सुरू उसाची डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. हे हंगाम फिरून येतात. पण उभ्या उसाचे वय लागणीपासून महिन्यांत मोजले जाते. आडसाली 16 ते 18 महिने शेतात असतो, म्हणजे एका पिकात दोन पावसाळे येतात. तोडणीनंतर राखलेला खोडवा पुन्हा नव्या मोजणीने सुरू होतो.

गैरसमज 9 : भाषा जशी, तसाच विचार, त्या चौकटीबाहेर माणूस जाऊ शकत नाही.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील होपी भाषेला काळाची कल्पनाच नाही, असे बेंजामिन ली व्हॉर्फ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडले. एकहार्ट मालोत्की यांनी 1983 मध्ये त्या भाषेतील काळदर्शक शब्द आणि रूपे यांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला आणि तो दावा टिकला नाही. आयमारांच्या बाबतीतही चित्र गोठलेले नाही. 2006 च्या अभ्यासात स्पॅनिश अस्खलित बोलणाऱ्या तरुण आयमारांचे हात भविष्यासाठी पुढे जात होते. त्यांच्याच समाजातील म्हाताऱ्यांचे पाठीकडे. पापुआ न्यू गिनीतील युप्नो लोक भविष्य चढाच्या दिशेला आणि भूतकाळ उताराच्या दिशेला दाखवतात, मग ते कोणत्याही बाजूला तोंड करून बसलेले असोत. यावरून एवढेच सिद्ध होते की भाषा काळ पाहण्याची एक सवय लावते. दुसरी भाषा शिकली की दुसरी सवय लागू शकते.

राहुरीतला शेतकरी मृगाची वाट पाहतो, कारखान्याची तोडणीची तारीख विचारतो आणि मोबाईलवर हवामानाचा अंदाजही बघतो. त्याच्या बोलण्यात तिन्ही कालगणना गुंतागुंत न होता वावरतात. एखाद्या समाजाच्या तोंडचा 'मागे' किंवा 'पुढे' ऐकून त्याच्या बुद्धीविषयी, दूरदृष्टीविषयी निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. तो शब्द कोणत्या ठिकाणी उभे राहून उच्चारला गेला आहे, हे आधी पाहावे; बहुतेक गैरसमज तिथेच मिटतात.