थुंकू नका, गिळा

मागच्या भागात रूट कॅनालच्या खुर्चीत काय काय घडते ते पाहिले. आता खुर्चीवरून उठल्यानंतरचे. दाढ काढलेल्यांपासून सुरुवात करू, कारण घरी आल्यावर जास्त गडबड तेच करतात.

लाखांदूर किंवा मोहाडीकडून भंडाऱ्याला येऊन अक्कलदाढ काढून घेतलेला माणूस परतीच्या एसटीची वाट पाहत उभा असतो. गालात गॉजचा बोळा असतो आणि दर दोन मिनिटांनी तो थुंकत असतो. तोंडात रक्ताची चव आली की थुंकायचे, ही आपली जुनी सवय. पण दाढ निघाली की तिथल्या खड्ड्यात रक्त गोठून गुठळी बनते. खालचे हाड आणि नसा हीच गुठळी झाकते आणि नवे मांस तिच्याच आधाराने भरून येते. जोरात थुंकले, खळखळून चूळ भरली किंवा स्ट्रॉने काही ओढले की ती निसटते. म्हणून बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा आणि लाळ गिळायची. थोडी लालसर लाळ पहिल्या दिवशी येणारच, तिला घाबरू नका.

गुठळी निसटली तर तिसऱ्या दिवसाच्या आसपास ठणका सुरू होतो. तो कानापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो आणि साध्या गोळीने दबत नाही. तेव्हा लवंगेचे तेल ओतत किंवा हिरडीवर गोळी दाबत बसू नका. त्याने हिरडी भाजते. डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषध भरतात आणि बराच आराम पडतो.

आता खर्रा. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे, पण पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटणे काही थांबले नाही. ओल्या जखमेत सुपारीचा चुरा शिरतो, चुना पोळतो, निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. वर पुन्हा थुंकणे आहेच. ‘दुसऱ्या गालात ठेवतो ना’ ही पळवाट चालत नाही, रस सगळ्या तोंडात फिरतो. विडीचेही तेच. निदान जखम भरेपर्यंत सोडा. कायमचे सुटले तर उत्तमच, पण इथे मी उपदेशाला बसलेलो नाही.

पहिल्या दिवशी बाहेरून गालावर कापडात गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटे ठेवून तेवढाच वेळ काढायचा. खायला गार केलेली, गाळलेली पेज, ताक, दही. धानाच्या जिल्ह्यात भात सोडा म्हणणे जिवावर येते, पण शिते खड्ड्यात अडकतात. एक-दोन दिवस दम धरा. तर्री-पोहे तर नकोच. चोवीस तासांनंतर कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून तोंडात हळूच फिरवा आणि मान वाकवून आपोआप गळू द्या. बाकीचे दात नेहमीसारखे घासायचेच. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढलेली दिसते, मग उतरू लागते.

रूट कॅनालवाल्यांचा त्रास कमी, धोका वेगळा. बधिरपणा दोन-चार तास राहतो. तोवर जेवू नका, गाल चावला गेल्याचे कळत नाही. चावताना काही दिवस दुखणे स्वाभाविक आहे. खरी गोची त्यानंतर होते. दुखणे थांबते, वर कच्चे सिमेंट असते, तेवढ्यात रोवणी लागते आणि कॅप बसवायची राहून जाते. सिमेंट झिजले की लाळेबरोबर जंतू आत उतरतात, आणि पोखरलेली दाढ चण्याच्या एका दाण्याने उभी चिरते. मग ती काढण्यावाचून इलाज उरत नाही. खर्च दोनदा, दाढही गेली. तेव्हा कॅपची तारीख उपचार चालू असतानाच घ्या.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. मधुमेह असेल तर आधीच सांगा. आणि नवा बोळा दाबूनही रक्त थांबेना, तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढतच राहिली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर मेडिकलमधून गोळ्या आणून रात्र काढू नका. आपला दवाखाना बंद असेल तर सरळ भंडाऱ्याचे जिल्हा रुग्णालय गाठा. श्वास घ्यायला जड जात असेल तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.