डाळिंब, आतड्यातले जिवाणू आणि कर्करोगाच्या पेशी

राहाता, संगमनेर, राहुरी भागातल्या बागांत ‘भगवा’ डाळिंब सर्रास दिसतं. हा वाण राहुरीच्याच महात्मा फुले कृषी विद्यापीठाचा. फळ फोडलं की आपण लाल दाणे घेतो. साल आणि दाण्यांमधला पिवळसर पापुद्रा टाकून देतो. प्युनिकॅलॅजिन हे तुरट द्रव्य मात्र तिथेच जास्त असतं. अख्खं फळ दाबून काढलेल्या रसात ते बऱ्यापैकी उतरतं.

पोटात गेल्यावर त्यातून इलॅजिक आम्ल सुटतं. ते रक्तात फारसं शोषलं जात नाही, मोठ्या आतड्यापर्यंत पोचतं. तिथे गॉर्डोनिबॅक्टरसारखे जिवाणू त्याचं टप्प्याटप्प्याने युरोलिथिन बनवतात. पण सगळ्यांच्या पोटात हे घडत नाही. तेच फळ खाऊन एकाच्या शरीरात युरोलिथिन-ए तयार होतं, दुसऱ्याच्या शरीरात काहीच नाही.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या एचटी-२९ आणि काको-२ या मोठ्या आतड्याच्या कर्करोगपेशींवर युरोलिथिन-ए घातलं की त्यांचं विभाजन मंदावतं. हे निष्कर्ष महत्त्वाचे आहेत, पण ते काचेच्या बशीतले. शरीरात आतड्याच्या पेशी युरोलिथिनला ग्लुक्युरोनिक आम्ल जोडतात आणि त्याची धार बरीच बोथट होते. स्पेनमधल्या संशोधकांना डाळिंबाचा अर्क घेतलेल्या रुग्णांच्या आतड्याच्या ऊतींत युरोलिथिन सापडलं. गाठ त्याने बरी होते, असं त्यातून सिद्ध झालेलं नाही. त्यामुळे डाळिंब आवडीने खावं, पण शौचातून रक्त जात असेल तर रसावर विसंबू नये, थेट डॉक्टरांकडे जावं.