पत्र्याच्या शेडची उंची वाढविताना



घराशेजारी लोखंडी खांबांवर उभी केलेली पत्र्याची छोटी शेड रत्नागिरी जिल्ह्यात गावोगावी दिसते. सुरुवातीला मोटारसायकल किंवा लहान गाडीपुरती सात फूट उंचीची शेड पुरते. पुढे पिकअप येतो, पॉवर टिलर येतो, आंब्याच्या क्रेट भरलेली गाडी रात्री आडोशाला लावायची असते आणि शेड बुटकी पडते. मग जुन्या खांबांना तीन-तीन फुटांचे तुकडे वेल्डिंग करून जोडले जातात. काम स्वस्तात आणि एका दिवसात होते. मात्र अशी शेड वादळात दगा देऊ शकते. म्हणून खर्च करण्यापूर्वी वाऱ्याचे गणित समजून घ्यावे.

उंची वाढली की काय बदलते?

वारा छपराला आडवा ढकलतो. खांब जितका उंच, तितका त्याच्या बुडाशी येणारा ताण जास्त. सात फुटांचा खांब दहा फुटांचा केला, तर हा ताण सुमारे दीडपट होतो. नळी तीच ठेवली, तर शेडचे डुलणे मात्र जवळजवळ तिप्पट होते. सतत डुलण्यामुळे वेल्डिंगला चिरा पडतात आणि बोल्ट ढिले होतात.

यावर उपाय जाड नळीचा आहे. मध्यम जाडीची (बी क्लास) तीन इंची नळी त्याच प्रकारच्या दोन इंची नळीपेक्षा साडेतीन पटींहून अधिक ताठ असते. म्हणून दोन इंची खांबांची शेड दहा फुटांवर न्यायची असेल, तर तुकडे न जोडता तीन इंची अखंड खांब घालावेत.

वारा छप्पर वर उचलतो

शेडचा पाया छपराचे वजन पेलण्यापुरता असतो, असा समज आहे. उघड्या शेडमध्ये खरे काम उलटे असते. पायाने छप्पर खाली धरून ठेवावे लागते. ताशी १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६८ किलो भरतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. दहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब शेडचे छप्पर सुमारे १५ चौरस मीटर असते. म्हणजे अशा वाऱ्यात त्याला सुमारे एक टन जोराने वर ओढले जाऊ शकते. पत्रे आणि सांगाडा यांचे वजन त्यापुढे फारच थोडे.

हे वारे आपल्या किनाऱ्याला नवे नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली आणि मंडणगड तालुक्यांत बागा आणि घरांचे मोठे नुकसान केले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. फयान वादळ तर ११ नोव्हेंबर २००९ रोजी, पावसाळा संपल्यावर आले होते.

पाया कसा घ्यावा?

चार खांबांच्या शेडसाठी प्रत्येक खांबाखाली दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि अडीच फूट खोल खड्डा घ्यावा. तो काँक्रीटने भरला की एका पायाचे वजन सुमारे साडेसहाशे किलो होते. सिमेंट, वाळू व खडी यांचे प्रमाण १ : १.५ : ३ ठेवावे. जांभ्याचा कातळ लागला म्हणून फूटभर खोलीवर थांबू नये. कातळात भोके पाडून १६ मि.मी. सळया सिमेंटच्या घोळात घट्ट बसवाव्यात आणि त्या पायाच्या काँक्रीटमध्ये गुंतवाव्यात.

खांब सरळ काँक्रीटमध्ये पुरू नये. जमिनीलगत पाणी साचून नळी तेथेच गंजते. त्याऐवजी पायातूनच सळया वर घेऊन एक फूट चौरस आणि दीड ते दोन फूट उंच काँक्रीटचा चौथरा करावा. त्यात १२ मि.मी.च्या चार सळया आणि दर सहा इंचांवर कडी असावी. चौथऱ्यात १६ मि.मी.चे चार बोल्ट पायापर्यंत खोल बसवून त्यावर आठ इंची चौरस, १० मि.मी. जाडीची बेसप्लेट आवळावी. अशाने दोन फूट उंची चौथऱ्यातच मिळते, लोखंडी खांब आखूड राहतो आणि त्याचे बूड कोरडे राहते. नुसत्या जांभ्या दगडाच्या बांधकामावर खांब ठेवू नये. दगडाचे बांधकाम वजन पेलते, पण वर ओढणारा जोर सोसत नाही.

काम करण्याची पद्धत

१. भरलेल्या गाडीची उंची मोजावी आणि त्यावर दीड फूट मोकळी जागा धरावी. गरजेपेक्षा जास्त उंची घेऊ नये.

२. वरून विजेची तार जात असेल तर महावितरणला विचारल्याशिवाय काम सुरू करू नये.

३. नवे पाया व चौथरे जुन्या खांबांशेजारी आधी करून घ्यावेत. त्यांवर किमान सात दिवस पाणी मारावे.

४. पत्रे आधी उतरवावेत. मग सांगाडा चारही कोपऱ्यांवर जॅक लावून, प्रत्येक वेळी चार इंच असा सारखा उचलावा. खाली लाकडी ठोकळे रचत जावे आणि चारही बाजूंनी दोर ताणून ठेवावेत. सांगाड्याखाली कोणीही उभे राहू नये.

५. ओळंबा लावून खांब उभे करावेत. प्रत्येक खांबापासून छपराच्या चौकटीपर्यंत दोन्ही दिशांना तिरपे आधार द्यावेत.

६. पत्र्याच्या कडांना हूक जवळजवळ मारावेत. वारा प्रथम कडेचाच पत्रा उचलतो.

७. गॅल्व्हनाइज्ड नळीचे वेल्डिंग उघड्या हवेत करावे. जस्ताचा धूर विषारी असतो. जोड घासून त्यावर प्रायमर व रंगाचे दोन हात द्यावेत.

झडीचा बंदोबस्त

छप्पर उंच झाले की नैर्ऋत्येकडून येणारी झड आत शिरते. म्हणून तीन बाजू पत्र्याने बंद करून समुद्राकडची बाजू उघडी ठेवण्याची चूक करू नये. अशा शेडमध्ये वारा कोंडतो आणि छप्पर आतूनही ढकलले जाते. पश्चिमेच्या बाजूला झावळ्यांचे झाप किंवा सोडता येईल असे कापड बांधावे आणि वादळाचा इशारा मिळताच ते काढून टाकावे.

हे काम डिसेंबर-जानेवारीत, आंबा काढणीची धावपळ सुरू होण्यापूर्वी उरकावे. एक टन जोर जमिनीत धरून ठेवणारा पाया मातीखाली झाकला जातो, त्यामुळे त्यात काटकसर करण्याचा मोह होतो. तो टाळावा. दरवर्षी मे महिन्याच्या मध्यापर्यंत बोल्ट आवळून, गंज खरवडून, रंग देऊन घेतल्यास शेड आणि तिच्याखालची गाडी दोन्ही सुरक्षित राहतील.